गरम पाणी, ताप आणि हीट शॉक प्रोटीन: तुमचे प्रश्न

प्रश्न: आईला ब्रेस्ट कॅन्सर आहे, रिपोर्टवर हर-२ पॉझिटिव्ह लिहिलंय. हीट शॉक प्रोटीनमुळे कॅन्सर होतो असं वाचलं, खरं आहे का?

उत्तर: नाही हो, आधी ती भीती मनातून काढा. ही प्रोटीनं तुमच्या-माझ्या प्रत्येक पेशीत असतात. नवीन प्रोटीन तयार झालं की त्याची नीट घडी बसवायची, विस्कटली तर परत घालायची, आणि अगदीच बिघडलं असेल तर मोडीत काढायला मदत करायची, हे त्यांचं काम. नावातल्या 'हीट'चा किस्सा म्हणजे, इटलीत फेरुचिओ रितोसा नावाचे शास्त्रज्ञ फळमाशीच्या पेशी बघत होते, कोणीतरी इनक्युबेटरचं तापमान वाढवून ठेवलं आणि क्रोमोसोमवर भलत्याच जागी फुगवटे, म्हणजे तिथले जीन्स कामाला लागल्याची खूण, दिसले. १९६२ साली त्यांनी ते छापलं. पण नुसती उष्णता नाही, ऑक्सिजन कमी पडला, विषारी काही आलं तरीही पेशी ही प्रोटीनं भराभर बनवते.

प्रश्न: मग कॅन्सरशी त्यांचा संबंध काय?

उत्तर: कॅन्सरच्या पेशीत जीन्स बिघडलेले, त्यामुळे प्रोटीनंही वेडीवाकडी, आणि वर वाढायची घाई. खरं तर अशी पेशी स्वतःच्याच पसाऱ्यात कोसळायला हवी, पण एचएसपी-९० नावाचं हीट शॉक प्रोटीन (एचएसपी हे त्याचंच छोटं नाव) तिला सावरून धरतं. आईच्या रिपोर्टवर हर-२ पॉझिटिव्ह लिहिलंय ना, ते हर-२, म्हणजे पेशीला वाढायला सांगणारं प्रोटीन, तेसुद्धा टिकायला एचएसपी-९० च्याच आधारावर असतं. दुसरीकडे एचएसपी-७० आणि एचएसपी-२७, बिघडलेल्या पेशीने मरून जावं म्हणून शरीराने जी सोय केलीय तीच अडवून ठेवतात, म्हणून काही वेळा केमोलाही पेशी दाद देत नाही. या सगळ्यांचा मुख्य स्विच म्हणजे एचएसएफ-१. २००७ मध्ये तो जीन नसलेल्या उंदरांवर अभ्यास झाला तर त्यांच्यात ट्यूमर बरेच कमी झाले. मला हा प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो, कारण कॅन्सर सुरू दुसऱ्याच कशाने होतो पण तगून राहायला आपलीच यंत्रणा वापरतो, हे त्यात स्वच्छ दिसलं.

प्रश्न: मग ही प्रोटीनं बंद करायचं औषध का नाही?

उत्तर: प्रयत्न खूप झालेत. एचएसपी-९० अडवणारं जेल्डानामायसिन लिव्हरला झेपलं नाही. शिवाय एचएसपी-९० अडवलं की एचएसएफ-१ जागा होतो आणि एचएसपी-७० वाढतं, म्हणजे एक दार लावावं तर दुसरं उघडतं. तसंच दुसरं औषध, गॅनेटेस्पिब, फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये मोठ्या ट्रायलपर्यंत पोचून अपयशी ठरलं. पण २०२२ मध्ये जपानने याच प्रकारच्या पिमिटेस्पिब या औषधाला जिस्ट नावाच्या पोटा-आतड्यातल्या ट्यूमरसाठी मान्यता दिली, मला त्याचा खरंच आनंद झाला.

प्रश्न: केमो चालू असताना गरम पाण्याने अंघोळ केली, वाफ घेतली तर ही प्रोटीनं वाढून गाठ वाढेल का? की उलट उष्णतेने ती मरेल?

उत्तर: दोन्ही नाही. रोजच्या अंघोळीने किंवा वाफेने आतल्या गाठीचं तापमान फारसं हलत नाही. हायपरथर्मिया नावाची ट्रीटमेंट आहे, त्यात गाठीचा भाग ४० ते ४३ डिग्री सेल्सिअसपर्यंत मोजून-मापून तापवतात आणि सोबत रेडिएशन किंवा केमो असतंच. एकदा तापवलं की हीट शॉक प्रोटीनं वाढून पेशी काही काळ उष्णतेला दाद देत नाही, म्हणून दोन बैठकांत साधारण दोन-तीन दिवसांचं अंतर ठेवतात. नुसत्या वाफेने कॅन्सर बरा करतो म्हणणाऱ्याकडे कृपा करून जाऊ नका.

ताप मात्र वेगळी गोष्ट. केमो चालू असताना ३८ डिग्रीच्या वर, म्हणजे १००.४ फॅरनहाइट गेला, की पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नका, रात्री दोन वाजले असले तरी आईच्या हॉस्पिटलला फोन करा.