जुने फ्रेंच रोमँटिक कॉमेडी चित्रपट म्हणजे नुसती श्रीमंतांची बडबड, असं मित्र म्हणतो. खरं आहे का? सुरुवात कोणत्या चित्रपटाने करावी?

फ्रेंच दिग्दर्शक झाक बेकेरचा १९५१ सालचा 'एदुआर ए कारोलिन' बघा. श्रीमंतांची बडबड त्यात भरपूर आहे, पण ती तिची टर उडवण्यासाठीच.

गोष्ट एका संध्याकाळची. एदुआर पियानो वाजवतो, खिसा रिकामा. बायको कारोलिन बड्या घरची. तिच्या माहेरचा एक धनाढ्य नातलग घरी मेजवानी ठेवतो, चार वजनदार माणसांनी याचं वादन ऐकावं म्हणून. ऐन निघताना एदुआरचा वेस्टकोट सापडत नाही. तो उसना आणायला जातो, तोवर ही फॅशनच्या नादात झग्याला कात्री लावते. मग भांडण, थप्पड आणि थेट घटस्फोटाची भाषा.

हा चित्रपट मला इतका का लागला ते सांगते. आमचे हे सतार वाजवतात. लग्नानंतर माझ्या मामांनी ठाण्याच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत केली, तेव्हा म्हणाले, "जावईबापूंचं वादन ठेवू, मोठी माणसं येणारेत." यांनी यमनचा आलाप सुरू केला. एका बाजूला पानं वाढणं चाललेलं. पुढे बसलेल्या एका गृहस्थांनी भर आलापात विचारलं, "जुळवून झालं का? आता सुरू करा की." मामी म्हणाल्या, एखादं सिनेमातलं येत असेल तर बघा, मुलांना आवडेल. यांनी शांतपणे सतारीला गवसणी घातली आणि खाली जाऊन रिक्षा थांबवली. मीही न जेवता निघाले. मामेभाऊ अजून दर दिवाळीला ऐकवतो: "बाबांनी संधी दिली होती, तुम्ही नखरे केलेत."

बेकेर त्या धनाढ्य नातलगाला खलनायक करत नाही. माणूस भला आहे, हौशी आहे. मामाही भलेच. पण संगीत ऐकायचंच नसेल तर कलाकाराला घरी बोलावून उपकार कसले करता? चित्रपटातल्या त्या घोळक्यातसुद्धा खरा कान असतो एका अमेरिकन पाहुण्याला. बाकीच्यांना एकमेकांचे कपडे आणि कोण कोणाकडे बघतंय, एवढंच दिसतं. पटकथा बेकेरसोबत आनेत वादमाँ या बाईंनी लिहिली. कारोलिनची बाजू कुठेच लुळी पडत नाही त्याचं श्रेय मी त्यांना देते.

तुमच्या मित्राला मात्र आधी बेकेरचाच १९४७चा 'आंत्वान ए आंत्वानेत' दाखवा. त्यात नवरा छापखान्याच्या धंद्यातला, बायको मोठ्या दुकानात नोकरीला आणि बक्षीस लागलेलं लॉटरीचं तिकीट हरवलेलं. कान चित्रपट महोत्सवात त्याला पारितोषिकही मिळालं होतं. श्रीमंतांच्या बडबडीचा आरोप तिथेच निकालात निघतो.

एक राहिलंच. एदुआरची थप्पड त्या काळच्या विनोदात खपून गेली, आज बघताना खटकते. खटकलीच पाहिजे. तिथे कारोलिन घटस्फोट मागते ते मला अजिबात अति वाटत नाही. आणि आमच्याकडे रागात गवसणी घातली गेली, हात उचलला गेला नाही, हे मामेभावाने पुढच्या दिवाळीला तोंड उघडण्याआधी लक्षात घ्यावं.