बॉक्सला किती मार्क? जुन्या व्हिडिओ गेमच्या ग्रेडिंगविषयी वाचकांचे प्रश्न

जुन्या व्हिडिओ गेमचा संग्रह, त्यांची पारख आणि ग्रेडिंग (म्हणजे कंपनीकडून वस्तू तपासून तिच्या स्थितीला गुण घेणं) या विषयांवर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. लांब पत्रं थोडी कापली आहेत.

प्रश्न : एडिसनमध्ये (न्यू जर्सी) एका गराज सेलमध्ये निन्टेन्डोचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ बॉक्स आणि पुस्तिकेसह मिळाला. सील नाही. लाखो डॉलरच्या बातम्या वाचल्या आहेत. ग्रेडिंगला पाठवू का?

उत्तर : बातम्या खऱ्या आहेत, पण त्या तुमच्या गेमच्या नाहीत. जुलै 2021 मध्ये ‘सुपर मारिओ 64’ची 9.8 दर्जाची प्रत हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात 15 लाख 60 हजार डॉलरला गेली आणि पुढच्याच महिन्यात ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची एक प्रत 20 लाखांना विकली गेली. दोन्ही सीलबंद होत्या. उघडलेल्या गेमचा बाजार निराळा. हा गेम जगभरात चार कोटींच्या आसपास खपला, त्यामुळे नुसतं कार्ट्रिज (यंत्रात घालायची गेमची प्लास्टिकची डबी) ढिगाने मिळतं. कमी उरला आहे तो पुठ्ठ्याचा बॉक्स, कारण मुलांनी तो पहिल्याच दिवशी फाडला आणि आईने दुसऱ्या दिवशी रद्दीत घातला.

त्यामुळे आधी बॉक्स कोणत्या छपाईचा आहे ते ओळखा. मागच्या बाजूला, दुकानातल्या हुकावर अडकवण्यासाठी, पुठ्ठ्याची कापून दुमडता येणारी जीभ आहे का? तिला संग्राहक ‘हँगटॅब’ म्हणतात. 1987च्या सुमारास ती बंद झाली, म्हणजे ती असेल तर बॉक्स सुरुवातीचा. मग बॉक्सवर छापलेला निन्टेन्डोचा ‘सील ऑफ क्वालिटी’ हा शिक्का बघा : गोल असेल तर जुना, लंबगोल असेल तर 1989 किंवा त्यानंतरचा. ‘निन्टेन्डो एंटरटेनमेंट सिस्टिम’ (एनईएस, म्हणजे हा गेम ज्या यंत्रावर चालतो ते) या नावापुढे ‘टीएम’ आहे की वर्तुळातला ‘आर’, हेही पाहा. ‘टीएम’ आधीचा.

आता कार्ट्रिज. सुरुवातीच्या कार्ट्रिजला साधे पाच स्क्रू असत. नंतर तीनच राहिले, तेही खास डोक्याचे, आणि वरच्या बाजूला प्लास्टिकच्या खाचा आल्या. हँगटॅबच्या बॉक्समध्ये तीन स्क्रूंचं कार्ट्रिज निघालं, तर कुणीतरी दोन संचांचा एक केला आहे. खेळायला काही फरक पडत नाही, ग्रेडिंगला पडतो, कारण तपासणारे हे जुळतं का ते बघतात. लेबलवर ‘डक हंट’चंही नाव असेल तर ते कार्ट्रिज मुळात कन्सोलबरोबर आलेलं. बॉक्स दुसऱ्याच प्रतीचा. पूर्ण संच म्हणायचा तर काळी प्लास्टिकची पिशवी आणि बॉक्सच्या तळाशी बसणारा थर्माकोलचा ठोकळाही हवा. हा ठोकळा बहुतेकांकडे नसतो.

उघडलेल्या संचाच्या ग्रेडिंगमध्ये बॉक्स, पुस्तिका आणि कार्ट्रिज यांना वेगवेगळे गुण मिळतात. खरेदीदार बॉक्सचाच आकडा आधी बघतो. ग्रेडिंगची फी, दोन्ही बाजूंचं टपाल आणि विमा मिळून अपेक्षित किमतीच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त होत असेल, तर आमच्या मते पाठवू नये. कोपरे पांढरे पडलेल्या, झाकण फाटलेल्या बॉक्सचा आकडा काय येणार हे तुम्हालाही फी न भरता दिसतंच. पाठवणार असाल तर किमतीचा स्टिकर स्वतः ओढून काढू नका. जुन्या पुठ्ठ्याचा रंगीत थर त्याच्याबरोबर निघतो.

प्रश्न : 9.8, A++, 85+ या आकड्यांचा अर्थ काय? आणि कंपन्यांवर विश्वास ठेवावा का?

उत्तर : वाटा ही ग्रेडिंग करणारी कंपनी डेन्व्हरमध्ये 2018 साली सुरू झाली. ती बॉक्सला 0.5 ते 10 असे गुण देते आणि वरच्या प्लास्टिकच्या सीलला वेगळं अक्षर : वर A++, खाली C. म्हणजे ‘9.4 A’ याचा अर्थ बॉक्स उत्तम, सील चांगलं पण कुठेतरी चुरगळलेलं किंवा छोटंसं फाटलेलं. व्हीजीए ही दुसरी ग्रेडिंग कंपनी त्याहून जुनी. तिचं माप शंभरातलं आणि सीलबंद गेमला ती एकच आकडा देते. त्यामुळे व्हीजीएचा 85 म्हणजे वाटाचा 8.5 असं गणित करू नका, दोन्ही मापं वेगळ्या गोष्टी मोजतात. कॉमिक्सच्या ग्रेडिंगमधली सीजीसीही आता या धंद्यात आहे.

विश्वासाबद्दल. ग्रेड म्हणजे स्थितीवरचं मत आणि वस्तू अस्सल असल्याचा दावा, किमतीची हमी नव्हे. 2021 मध्ये वाटाची मालकी कलेक्टर्स या बड्या समूहाकडे गेली. 2022 मध्ये कॅलिफोर्नियात वाटावर बाजारभाव फुगवल्याचा आरोप करणारा सामूहिक दावा दाखल झाला. आरोप म्हणजे निकाल नव्हे, पण 2021 मध्ये शिखरावर असताना घेतलेल्यांपैकी अनेकांना नंतर उतरलेले भाव बघावे लागले हे खरं. खरेदी करताना त्याच गेमच्या, त्याच छपाईच्या, त्याच दर्जाच्या गेल्या वर्षभरातल्या प्रत्यक्ष विक्रीच्या किमती बघा. विक्रेत्याने मागितलेल्या किमतींना शून्य वजन द्या. आणि ग्रेडिंग कंपनीकडे त्या दर्जाच्या किती प्रती नोंदल्या आहेत तेही तपासा. ‘सुपर मारिओ 64’ 1996चा, भरपूर छापलेला. त्याच्या सीलबंद पेट्या अजून कुठल्या गोदामात नसतील असं कोण सांगणार?

प्रश्न : ‘फॅक्टरी सील्ड’ म्हणून विकायला ठेवलेला गेम खरोखर कारखान्यातच सील झाला होता, हे फोटोवरून कसं ओळखायचं? (पुणे)

उत्तर : फोटो कुठले आहेत त्यावर सगळं आहे. विक्रेत्याकडून सहाही बाजूंचे आणि सगळ्या कोपऱ्यांचे जवळून काढलेले, उजेड तिरका पडेल असे फोटो मागा. देत नसेल तर तिथेच थांबा.

निन्टेन्डोने स्वतः काढलेल्या अमेरिकी एनईएस गेमच्या मागच्या बाजूला आडवी शिवण दिसते. प्लास्टिकच्या दोन कडा तिथे एकमेकींवर येऊन वितळलेल्या असतात. दोन्ही बाजूंच्या उभ्या शिवणींसह तिचा आकार इंग्रजी ‘एच’सारखा होतो, म्हणून ‘एच-सीम’. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या निन्टेन्डोच्या एनईएस गेमला ही शिवण नसेल तर सीलबंद म्हणून पैसे मोजू नका. मात्र दुसऱ्या प्रकाशकांच्या गेमना वेगळी शिवण असू शकते, म्हणून तुलना नेहमी त्याच प्रकाशकाच्या अस्सल प्रतीशी करा. प्लेस्टेशनच्या सीडीच्या डबीला अरुंद बाजूंवर पाकिटासारख्या घड्या असतात. तिथे नुसता वितळलेला कंगोरा दिसला तर शंका घ्या.

एच-सीमचीही नक्कल होते, म्हणून शिवणीवर थांबू नका. प्लास्टिकच्या आत बघा. कोपरा पांढरा पडलेला, पण त्यावरचं प्लास्टिक गुळगुळीत आणि ताणलेलं असेल तर बॉक्स उघडा असतानाच झिजला आणि प्लास्टिक नंतर चढलं. किमतीचा स्टिकर किंवा त्याचा डिंक प्लास्टिकच्या खाली दिसला तर अर्थ तोच : दुकानदार स्टिकर वरून चिकटवतो. धूळ, केस, बोटांचे ठसे आतून दिसणं हीही वाईट खूण. हॉट एअर गनने चढवलेलं प्लास्टिक कोपऱ्यांशी जास्त आकसतं, चुणीदार किंवा दुधाळ होतं आणि कधी बॉक्सच्या कडाच आत वाकवतं.

एक गोष्ट लक्षात ठेवा. अमेरिकेतल्या काही दुकानांकडे स्वतःची रॅपिंग मशीनं होती आणि परत आलेले गेम ते पुन्हा गुंडाळून विकत. त्यामुळे ‘मी स्वतः दुकानातून असाच घेतला’ असं सांगणारा माणूस प्रामाणिक असेल, तरी गेम फॅक्टरी सील्ड असेलच असं नाही. फॅमिकॉमच्या (एनईएसच्या जपानी अवताराच्या) सीलबंद गेमबाबत तर अधिक सावध राहा, जपानमध्ये त्यातले बहुतेक कारखान्यातून प्लास्टिकमध्ये गुंडाळून येतच नसत.

प्रश्न : ‘पोकेमॉन एमराल्ड’ घेतला. सुरू करताच ‘बॅटरी संपली’ असा संदेश येतो. नकली असेल का?

उत्तर : फक्त त्या संदेशावरून नाही. अस्सल रूबी, सफायर आणि एमराल्डमध्ये घड्याळासाठी सीआर1616 सेल असतो आणि आता तो संपलेला असणं स्वाभाविक आहे. सेव्ह (खेळाची साठवलेली प्रगती) मात्र वेगळ्या फ्लॅश चिपमध्ये राहतं, त्यामुळे सेल संपूनही ते टिकतं. तुमचं सेव्ह उडत असेल तर शंका रास्त. एमराल्डचं कवच पारदर्शक हिरवं असतं, सेल बाहेरूनच दिसला पाहिजे. खालच्या पितळी दातांच्या वरच्या फटीत टॉर्च मारा, अस्सल बोर्डवर तिथे ‘निन्टेन्डो’ छापलेलं असतं. लेबलवर तिरका उजेड पाडलात तर दाबून उमटवलेले आकडे दिसतील. शेवटी उघडून बघा : त्याला तीन पात्यांचा ‘ट्राय-विंग’ स्क्रू ड्रायव्हर लागतो. आत काळ्या लाखेच्या गोळ्याखाली झाकलेली चिप दिसली तर तो नकली. याउलट पोकेमॉनच्याच फायररेड आणि लीफग्रीनमध्ये सेल नसतोच. कुणी ‘नवीन बॅटरी टाकलीय’ म्हणून ते जास्त किमतीला विकत असेल तर हसून पुढे जा.

प्रश्न : ‘द लेजंड ऑफ झेल्डा’मध्ये नवा सेल घालून मग ग्रेडिंगला पाठवावा का?

उत्तर : आधी बघा की सेल खरंच गेला आहे का. झेल्डात बंद करताना ‘रीसेट’ दाबून धरूनच ‘पॉवर’ बंद करावं लागतं. ते न केल्याने सेव्ह जातं आणि दोष बिचाऱ्या सेलला लागतो.

सेल बदलायचा असेल तर 3.8 मिलिमीटरचा गेमबिट (खास डोक्याच्या स्क्रूंचा स्क्रू ड्रायव्हर) घ्या (पाच स्क्रूंच्या कार्ट्रिजला साधा चपटा चालतो). मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून मोजा : नवा सेल 3 व्होल्टच्या थोडा वर दाखवतो, अडीचच्या खाली गेला असेल तर बदला. सेल काढताच सेव्ह पुसलं जाईल. ते हवं असेल तर आधी डंपर यंत्राने संगणकावर उतरवून घ्या. नवा सीआर2032 धातूच्या पट्ट्या जोडलेलाच आणा. सोल्डरिंग आयर्न 330 ते 350 अंशांवर, प्रत्येक सांध्यावर दोन-तीन सेकंद, त्याहून जास्त नाही, नाहीतर बोर्डवरचा तांब्याचा गोल उखडून येतो. अधिक-वजा बोर्डवर छापलेलं असतं, ते जुना सेल काढायच्या आधी बघून ठेवा. साधा सेल चिकटपट्टीने दाबून बसवणं हा नेहमीचा घरगुती उपाय, आणि काही महिन्यांनी पट्टी सैल झाली की सेव्ह उडण्याचं नेहमीचं कारण.

ग्रेडिंगपूर्वी मात्र स्क्रूंना हात लावू नये. ओरबाडलेले स्क्रू बाहेरून दिसतात. एकदा ॲक्रिलिकच्या पेटीत बंद झाल्यावर सेल बदलता येणारच नाही, हे आधीच मान्य करा. खेळायची प्रत वेगळी ठेवावी.

प्रश्न : पणजीत राहतो. नातेवाइकांनी जपानहून आणलेले सुपर फॅमिकॉमचे बॉक्स पावसाळ्यात मऊ पडतात. काय करावं?

उत्तर : आपल्या किनाऱ्यावर खरा शत्रू हाच आहे. घट्ट बसणाऱ्या झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत एक छोटा हायग्रोमीटर आणि सिलिका जेल. आर्द्रता 40 ते 50 टक्क्यांत ठेवा. 60च्या वर बुरशी धरते, 30च्या खाली पुठ्ठा ठिसूळ होतो. रंग बदलणारं जेल घ्या आणि रंग उतरला की ओव्हनमध्ये 110-120 अंशांवर दोन-तीन तास वाळवून परत वापरा. कॅमेऱ्यांसाठी मिळणारी ड्राय कॅबिनेट असेल तर प्रश्नच मिटला. बॉक्सवर 0.5 मिलिमीटर जाडीची पीईटीची कव्हरं घाला, पीव्हीसीची नकोत, ती वर्षांनी चिकट होतात. मऊ पडलेला बॉक्स लगेच कव्हरात कोंबू नका, आधी डब्यात आठवडाभर वाळू द्या. कसर दिसली तर डांबरगोळ्या टाकू नका, त्यांची वाफ प्लास्टिकला मऊ करते.

कार्ट्रिजचे दात 99 टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि कानकाडीने पुसा. फुंकर मारू नका, तोंडातली वाफ दातांना गंज चढवते.

प्रश्न : लहानपणीचं ‘9999 इन 1’ कार्ट्रिज सापडलं. ग्रेडिंग होईल का?

उत्तर : नाही. ती फॅमिकॉमच्या नकली यंत्रांसाठीची परवान्याशिवायची कार्ट्रिजं, आणि 9999 मध्ये मोजके गेमच पुन्हा पुन्हा येतात. दात पुसा आणि खेळा.

प्रश्न : भारतातून अमेरिकेत ग्रेडिंगला पाठवताना काय काळजी घ्यावी?

उत्तर : कव्हरातला गेम बबल रॅपमध्ये, तो छोट्या खोक्यात, ते खोकं मोठ्या खोक्यात, मधे चहूबाजूंनी दोन इंच भराव. चिकटपट्टी सीलबंद प्लास्टिकला कुठेही लागू देऊ नका. निघण्यापूर्वी सगळ्या बाजूंचे तारखेसह फोटो काढा, पूर्ण किमतीचा विमा उतरवा. वस्तू तुमचीच असून ग्रेडिंग होऊन परत येणार आहे असं निर्यातीच्या कागदांवर लिहून घ्या आणि त्याची प्रत जपा. ती नसेल तर परतीला तुमच्याच गेमवर आयात शुल्क भरण्याची वेळ येऊ शकते, म्हणून पाठवण्याआधी कस्टम्स एजंटशी बोला.