हातात येणारी विद्या : पशुवैद्यक शिक्षणाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी पशुवैद्यक पदवीच्या तिसऱ्या वर्षात शिकते. चिकित्सालयात एखादी गाय आली की तिच्याभोवती आम्ही पंचवीस-तीस जण उभे राहतो. पुढच्या चार-पाच जणांना दिसते, मागच्यांना फक्त ऐकू येते. गुदाशयातून तपासणी करण्याची संधी मला आतापर्यंत तीनदाच मिळाली आणि तिन्ही वेळा शेणाशिवाय हाताला काही लागले नाही. इंटर्नशिप सुरू होण्यापूर्वी हात तयार कसा करावा?
— एक विद्यार्थिनी, मराठवाडा

उत्तर : तुमची अडचण खरी आहे. मात्र तुम्ही शिकण्याची जागा चुकीची धरली आहे, असे मला वाटते. चिकित्सालयात येणारे जनावर आजारी असते, मालक घाईत असतो आणि शिक्षकांचे लक्ष साहजिकच उपचाराकडे असते, त्यामुळे नवशिक्या हाताला लागणारा निवांतपणा तिथे मिळणे कठीण. हात तयार होतो तो महाविद्यालयाच्या पशुधन प्रक्षेत्रावर, निरोगी जनावरांवर. निरोगी काय असते हे ज्या बोटांना ठाऊक नाही, त्यांना बिघाड कळणार कसा?

तेव्हा सुरुवात गुदाशयापासून करू नका. सकाळच्या धारेच्या वेळी गोठ्यात जा आणि रोज तीन-चार गाई-म्हशी डोक्यापासून शेपटीपर्यंत तपासा. डाव्या भकाळीवर (बरगड्यांमागच्या खोलगट भागावर) मूठ टेकवून कोठीपोटाची, म्हणजे जठराच्या सर्वांत मोठ्या कप्प्याची, हालचाल मोजा. ती दर मिनिटाला साधारण एक ते दोन वेळा जाणवते. शेपटीच्या मुळाशी खालच्या बाजूने नाडी पाहा. गाईचे तापमान सरासरी 101.5 अंश फॅरेनहाइट असते हे पुस्तकात वाचलेले असेल, परंतु दुपारच्या उन्हात उभ्या असलेल्या म्हशीचे तापमान कोणताही आजार नसताना चढते आणि ती डुंबून आली की उतरते, हे वहीत स्वतःच्या हाताने लिहिल्याशिवाय अंगवळणी पडत नाही. अशा पन्नास जनावरांच्या नोंदी झाल्या की एकावन्नावे जनावर आजारी असेल तर ते तुम्हाला मालकाने सांगण्यापूर्वी खटकेल.

आता शेणाविषयी. नखे कापलेली, अंगठी आणि घड्याळ काढलेले, हातमोज्याला भरपूर वंगण आणि बोटे चोचीसारखी जुळवलेली, एवढे बहुतेकांना माहीत असते. चूक होते ती घाईत. आतडे हाताभोवती आवळते तेव्हा विद्यार्थी जोर लावतो, त्याचा हात दोन मिनिटांत बधिर होतो आणि बधिर हाताला शेणच लागणार. आवळले की थांबावे, लाट ओसरू द्यावी आणि मगच बोटे हलवावीत. गर्भाशय आणि बीजांडकोश आतड्याच्या भिंतीतूनच चाचपायचे असतात, पण आत गेल्यावर बीजांडकोश शोधत भटकू नये. आधी श्रोणीच्या तळावर गर्भाशयमुख शोधावे. तो जाड, टणक, गाठीगाठींचा दांडा एकदा मुठीत आला की तिथून पुढे सरकत गर्भाशयाचा दुभाग, मग शिंगे आणि शिंगांच्या टोकाशी बीजांडकोश, असा ठरलेला रस्ता धरावा. वाट चुकली तर पुन्हा गर्भाशयमुखाशी यावे. म्हशीचे बीजांडकोश गाईपेक्षा लहान असतात, म्हणून पहिले धडे शक्यतो गाईवर घ्यावेत. डावा हात वापरण्याची सवय आतापासूनच लावा, कारण पुढे कृत्रिम रेतन करताना उजवा हात रेतन बंदुकीसाठी मोकळा लागतो.

या विद्येची मूळ अडचण अशी की विद्यार्थ्याची बोटे आत कशाला टेकली आहेत हे शिक्षकाला दिसत नाही. ब्रिटनमध्ये सारा बेली या पशुवैद्यक प्राध्यापिकेने ‘हॅप्टिक काऊ’ नावाचे संगणकीय यंत्र तयार केले ते याचसाठी. विद्यार्थ्याच्या बोटाला यंत्रातून स्पर्शाचा भास होतो आणि त्याचे बोट कुठे आहे ते शिक्षकाला पडद्यावर दिसते. असे यंत्र हाताशी नसले तरी त्यामागची युक्ती फुकट आहे. हात आत असताना जे लागते ते मोठ्याने बोला : ‘गर्भाशयमुख सापडले, उजवे शिंग डाव्यापेक्षा जाड आहे, उजव्या बीजांडकोशावर पीतपिंड (बीज सुटल्यावर तिथे तयार होणारी गाठ) वाटतो.’ त्यानंतर शिक्षकांनी स्वतः हात घालून ते ताडून पाहावे. चुकीचे बोलण्याची लाज वाटून गप्प राहणारा विद्यार्थी वर्षभर शेणच चाचपत राहतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. (विद्यार्थिदशेतील पहिली दोन वर्षे मीही त्यातच मोडत होतो.) कत्तलखान्यातून आलेले म्हशीचे गर्भाशय महाविद्यालयात उपलब्ध असेल, तर ते पिशवीत घालून डोळे मिटून चाचपावे आणि मग पिशवी उघडून पाहावे, बोटांना नावे शिकवण्याचा यापेक्षा स्वस्त मार्ग मला माहीत नाही.

राहिला गर्दीचा प्रश्न. पशुवैद्यक शिक्षणाच्या 2016 च्या नियमांनुसार पदवीचा काळ साडेपाच वर्षांचा असून त्यातील शेवटचे पूर्ण वर्ष इंटर्नशिपचे आहे. त्या वर्षात गर्दी बरीच ओसरते. मात्र मानेच्या शिरेत सुई घालणे, मोरखी बांधणे, जनावर दोराने खाली पाडणे ही कामे तिथे पहिल्यांदा शिकू, असे मनात धरू नका. परळचे महाविद्यालय 1886 मध्ये सुरू झाले तेव्हापासून शेजारच्या पेटिट पशुरुग्णालयाचा आधार त्याला लाभला आहे, तरीही शहरात शिकणाऱ्याच्या वाट्याला कुत्री-मांजरे जास्त येतात आणि ग्रामीण भागात शिकणाऱ्याच्या वाट्याला म्हशी-शेळ्या. जे कमी मिळते ते सुटीत मागून घ्यावे. गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आठ दिवस खोड्याशेजारी (तपासणीसाठी जनावर अडकवतात त्या चौकटीशेजारी) उभे राहण्याची परवानगी मागितल्यास सहसा कोणी नाही म्हणत नाही.

प्रश्न : आमच्या गावात पशुआरोग्य शिबिर झाले. माझ्या गाभण म्हशीला सहा-सात विद्यार्थ्यांनी एकामागून एक हात घातला. नंतर मोज्याला थोडे रक्त दिसले. म्हैस आता ठीक आहे, पण पुढच्या वेळी नाही म्हटले तर चालेल का?
— एक दूध उत्पादक, सांगली जिल्हा

उत्तर : अवश्य चालेल. जनावर आपले आहे आणि त्यावर कोणी शिकावे की नाही हे ठरवण्याचा अधिकारही आपलाच आहे. मोज्याला रक्त दिसले त्याच क्षणी तपासणी थांबायला हवी होती. गुदाशयाचे अस्तर नाजूक असते, ते फाटले तर जनावर दगावूही शकते. काळजीपूर्वक केलेल्या तपासणीने गर्भ सहसा पडत नाही, परंतु अगदी सुरुवातीच्या दिवसांत गर्भपिशवी बोटांत धरून पाहणे हे नवशिक्याचे काम नव्हे.

तरीही माझी विनंती अशी की सरसकट नाही म्हणू नका. एका जनावराला दोनपेक्षा जास्त विद्यार्थ्यांनी हात घालू नये, आधी किंवा नंतर शिक्षकांनी स्वतः तपासावे, आणि प्रत्येक जनावरासाठी नवा हातमोजा व नवी सुई वापरावी, एवढ्या अटी घाला. शेवटच्या अटीवर हटून बसा, कारण अॅनाप्लाझ्मासारखे रक्तातील रोग एकाच सुईने एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात जातात. गाभण जनावराऐवजी भाकड म्हैस शिकायला दिलीत तर सर्वांचीच सोय होईल.

प्रश्न : मुलीला यंदा पशुवैद्यक शाखेत प्रवेश मिळाला आहे. मोठ्या जनावरांची लाथ लागेल याचीच आम्हाला धास्ती वाटते. कोणती काळजी घ्यायला सांगावी?
— एक आई, नाशिक

उत्तर : लाथ चुकवायला ती महिनाभरात शिकेल. मला धास्ती वाटते ती न दिसणाऱ्या गोष्टींची. जनावराच्या तोंडातून लाळ गळते, गिळता येत नाही, मालक म्हणतो की घशात काहीतरी अडकले आहे, आणि उत्साही विद्यार्थी उघड्या हाताने तोंडात चाचपतो. ते जनावर रेबीजचे असू शकते. प्रात्यक्षिके सुरू होण्यापूर्वीच रेबीजची पूर्वप्रतिबंधक लस तिने पूर्ण केलेली असावी. त्यानंतरही चावा किंवा लाळेचा संपर्क झाल्यास जखम पंधरा मिनिटे साबण-पाण्याने धुऊन डॉक्टरांकडे जावे. आधी लस घेतलेल्याला अशा वेळी कमी मात्रा पुरतात, पण त्या टाळता येत नाहीत.

दुसरी गोष्ट ब्रुसेल्लाची, म्हणजे जनावरांचा गर्भ पाडणाऱ्या आणि माणसालाही लागणाऱ्या जंतूची. गाभटलेल्या (गर्भ पडलेल्या) गाईची अडकलेली वार उघड्या हाताने काढू नये. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना दिली जाणारी ब्रुसेल्लाची लस जिवंत जंतूंची असते. ती टोचताना सुई बोटाला लागली किंवा थेंब डोळ्यात उडाला, तर ‘काही नाही, लसच आहे’ असे म्हणून सोडून न देता त्याच दिवशी डॉक्टरांना नेमके काय घडले ते सांगावे. पुढे कधी अनेक दिवस रेंगाळणारा ताप आलाच, तर आपण जनावरांमध्ये काम करतो हे तिने तपासणाऱ्या डॉक्टरांना न विचारताच सांगायचे आहे.