बाइकच्या क्लचचा प्ले (लिव्हरची मोकळी ढील) आधी बघ
इंदूरच्या राजवाडा-सराफ्याच्या गर्दीत अर्धा क्लच धरून गाडी रांगवत नेण्याची सवय आधी सोड. क्लचच्या प्लेटा त्यानेच जळतात. थांबलास की न्यूट्रल. लिव्हरच्या टोकाशी साधारण १० ते २० मिमी प्ले हवा, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघ. प्लेच नसला तर क्लच घसरतो: इंजिन ओरडतं, गाडी पळत नाही. जास्त झाला तर क्लच पूर्ण सुटत नाही, मग सिग्नलला न्यूट्रल शोधत बस. बारीक फरक लिव्हरजवळच्या अ‍ॅडजस्टरने, मोठा इंजिनकडच्या नटाने; लॉकनट कसायला विसरू नकोस. लिव्हरपाशी केबलची एखादी तार तुटून वर आलेली दिसली तर केबल बदलच. आणि कारचं तेल तर अजिबात ओतू नकोस. बहुतेक बाइकच्या प्लेटा इंजिनच्याच तेलात फिरतात, त्यामुळे डब्यावर जेएएसओ एमए किंवा एमए२ (तेलात फिरणाऱ्या क्लचला चालणाऱ्या तेलाची खूण) लिहिलेलं हवं.