अपहीव्हल, उलथापालथ आणि पालथा घडा

प्रश्न असा आहे : इंग्रजी ‘अपहीव्हल’ला (upheaval) मराठीत ‘मोठा बदल’ म्हटलं तर चालेल का?

नाही. शाळेची वेळ सातची आठ झाली तर तो बदल. घडी बसलेलं सगळं एकाएकी जागचं हललं, तर ते अपहीव्हल. ‘उठाव’ तर मुळीच लिहू नका. उठाव माणसं करतात, अपहीव्हल ओढवतं. आणि ‘हेवी’सारखा ‘अपहेवल’ असा उच्चार कानी पडतो, तो आधी थांबवा. जोर ‘ही’वर.

‘हीव्ह’ म्हणजे जोर लावून उचलणं. 1830च्या दशकात भूगर्भशास्त्रज्ञ हा शब्द जमीन खालून वर उचलली जाण्याला वापरू लागले. 1819च्या भूकंपात कच्छच्या रणात ऐंशीएक किलोमीटर लांबीचा भूभाग बांधासारखा वर आला. लोकांनी त्याला ‘अल्लाबंद’ म्हटलं. अपहीव्हल म्हणतात ते हेच.

मराठीत नेमका शब्द ‘उलथापालथ’. इंग्रजी शब्द उचलण्यापाशी थांबतो, मराठी पुढे जातो. थालीपीठ करताना पाहा : उलथणं कडेनं खाली सरकतं, थालीपीठ उचलतं आणि पालथं घालतं. उलथापालथीत या दोन्ही क्रिया आहेत.

खरी गंमत ‘पालथ’मध्ये आहे. संस्कृत ‘पर्यस्त’ म्हणजे उलटून टाकलेलं. हेमचंद्र या जैन पंडितानं बाराव्या शतकात प्राकृताच्या व्याकरणात त्याची दोन रूपं दिली : पल्लत्थ आणि पल्लट्ट. पहिल्यापासून आपला ‘पालथा’, दुसऱ्यापासून ‘पालट’. म्हणजे पालथा घडा आणि मंत्रिमंडळातला खांदेपालट ही सख्खी भावंडं! ‘विपर्यास’ही याच घरातला : वि, परि आणि फेकणे या अर्थाचा ‘अस्’ धातू.

‘पालटणे’ हिंदी ‘पलटना’वरून उचललं असं काही जाणकार छातीठोकपणे सांगतात. त्यांनी आधी मराठीत ‘पा’ दीर्घ कसा झाला ते सांगावं. कर्म, कम्म, काम. सप्त, सत्त, सात. प्राकृतातलं द्वित्त, म्हणजे ‘म्म’, ‘त्त’ अशी एकाच व्यंजनाची जोडी, सुटलं की मराठीत आधीचा स्वर दीर्घ होतो. ‘पल्लट्ट’चा ‘पालट’ त्याच वाटेनं आला. उसना असता तर ‘पलट’च राहिला असता, जशी ‘पलटी’ राहिली आहे.

तेव्हा ‘पोलिटिकल अपहीव्हल’ला ‘राजकीय उलथापालथ’ लिहा. ‘इमोशनल अपहीव्हल’ला मात्र ‘मनातली खळबळ’ बरी. मन ढवळून निघतं, पालथं होत नाही.