पार्किन्सन्सच्या गोळ्यांचा दरमहाचा खर्च कमी कसा करायचा?

तुम्ही विचारलंय की आईला पार्किन्सन्स होऊन तीन वर्षं झाली, औषधांना महिन्याला चार हजारांवर जातात, तर दुपारची एखादी गोळी गाळली तर चालेल का. आधी याचंच उत्तर देते. नाही चालणार. कृपा करून गाळू नका.

माझ्या सासऱ्यांना, आम्ही सगळे त्यांना आप्पाच म्हणतो, हा आजार निघून सात वर्षं झाली. साखर कारखान्यात नोकरी झाली, पेन्शन ईपीएस-९५ ची, तीन हजारांच्या आत. दोन वर्षांपूर्वी त्यांचं चालणं एकाएकी बिघडलं. दुपारी तीन-साडेतीनला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी यायचे आणि पाय जमिनीला चिकटल्यासारखे तिथंच उभे राहायचे. आजार वाढला असं समजून आम्ही धास्तावलो होतो. मग एकदा धुणं भिजवताना त्यांच्या बंडीच्या खिशात रुमालाची गाठ हाताला लागली. सोडली तर आत दोन वाजताच्या गोळ्या, काही अख्ख्या, काही अर्ध्या, घामाने डागाळलेल्या. विचारलं तर म्हणाले, "पोरीची फी भरायचीय ना. माझं भागतंय तेवढ्यात."

त्या रात्री मी हिशेब मांडला. गोळ्या लपवून त्यांनी महिन्याचे वाचवले होते जेमतेम शंभर-सव्वाशे रुपये. कारण ती गोळी होती साधी लेव्होडोपा-कार्बिडोपा. या आजारातली सगळ्यात कामाची गोळी तीच, आणि आमच्या चिठ्ठीवरची सगळ्यात स्वस्तही तीच. राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत असल्यामुळे सरकारने तिच्या कमाल किमतीवर मर्यादा घातलेली आहे. ती एकदम बंद केली तर अंग ताठ होऊन जोराचा ताप भरू शकतो, जिवावरही बेतू शकतं. म्हणून कात्री लावायचीच तर या गोळीला सोडून बाकीच्यांना लावा, तीही डॉक्टरांच्या हातून.

पैसे जातात ते बाकीच्या गोळ्यांवर. सात वर्षांत चिठ्ठीत एकेक नाव वाढत जातं आणि काढत कुणीच नाही. मी घरातली सगळी पाकिटं एका पिशवीत भरली, वहीच्या पानावर प्रत्येकीचं नाव, दिवसाला किती आणि महिन्याला किती रुपये एवढं लिहिलं आणि ते पान न्यूरोलॉजिस्टच्या टेबलावर ठेवलं. स्पष्ट सांगितलं, "डॉक्टर, एवढं झेपत नाही. यातलं नक्की लागतं काय?" लाजायचं नाही. किंमत माहीत असतेच असं नाही त्यांनाही.

त्या दिवशी कोएन्झाइम क्यू१० नावाचं पूरक बंद झालं. ते एकटंच महिन्याला आठशेच्या घरात जात होतं. अमेरिका-कॅनडातल्या सहाशे रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीत त्याचा काही उपयोग दिसला नाही, हे २०१४ मध्येच प्रसिद्ध झालंय. प्रॅमिपेक्सोलची दिवसातून एकदा घ्यायची महागडी गोळी जाऊन त्याच औषधाची साधी गोळी तीन वेळा आली. घड्याळ सांभाळावं लागतं, पण पैसे बरेच वाचतात. बी-१२ मात्र डॉक्टरांनी रक्त तपासून चालूच ठेवलं, त्यामुळे "जीवनसत्त्वंच आहेत" म्हणून आपल्या मनाने काही बंद करू नका.

जनऔषधी केंद्रात जाण्याआधी मोबाईलवर 'जनऔषधी सुगम' ॲप घ्या आणि कंपनीचं नाव न टाकता मूळ औषधाचं नाव टाकून शोधा. चिठ्ठीवरही तेच नाव लिहून मागा. माल नेहमी असतोच असं नाही, म्हणून पंधरा दिवसांच्या गोळ्या हाताशी ठेवूनच नव्या आणायला जायचं. सगळ्या कंपन्या एकदम बदलू नका. आम्ही एका वेळी एकच बदलली आणि दहा दिवस वहीत वेळा टिपल्या, गोळी किती वाजता, असर कधी चढला, कधी उतरला. आप्पांची लेव्होडोपा आम्ही ओळखीच्या कंपनीचीच ठेवली. तिच्यात वाचणार ते थोडे आणि बिघडलं तर त्रास मोठा, असं माझं मत. आता सगळं मिळून सतराशेपर्यंत बसतं, आधी छत्तीसशे जात होते.

आणखी एक, ज्याला पैसा लागत नाही. लेव्होडोपा जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घ्यायची. डाळ, दूध, अंडं, मटण यांतली प्रथिनं तिच्या वाटेत येतात. लोहाची गोळीही तिच्यासोबत घ्यायची नाही. आमच्याकडे सकाळची गोळी दुधाच्या कपाबरोबर जायची आणि "असर होत नाही" म्हणून डोस वाढवायचं चाललं होतं! दूध तासाभराने दिलं, डोस आहे तिथेच राहिला. सावकाश विरघळणारी गोळी असेल तर ती कुटून किंवा चघळून देऊ नका.

स्वस्त म्हणून कुणी पॅसिटेन सुचवेल. थरथर कमी होते, पण म्हाताऱ्या माणसाला विसरभोळेपणा, भ्रम, लघवी अडणं असे त्रास होऊ शकतात, आणि मग दवाखान्याचा खर्च वेगळा. खाजकुइलीच्या बियांची पावडरही लोक सांगतात. तिच्यात खरंच लेव्होडोपा असतं, म्हणूनच गोळ्यांच्या वर ती आपल्या मनाने दिली तर डोस कुठच्या कुठे जातो.

घरात कुणी प्राप्तिकर भरत असेल आणि जुनी करपद्धत घेतली असेल, तर १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातल्या ८०डीडीबी या कलमाबद्दल सीएला विचारा. साठीच्या पुढच्या रुग्णासाठी प्रत्यक्ष खर्चाची, एक लाखापर्यंतची वजावट आहे. त्याला न्यूरोलॉजिस्टची चिठ्ठी लागते आणि अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असल्याचा दाखला लागतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत पार्किन्सन्स आहे, म्हणून दाखला आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, जिल्हा रुग्णालयातून निघू शकतं. आईंना त्या दिवशी गोळीचा असर असताना न्यायचं की उतरल्यावर, हे आधी डॉक्टरांशी बोलून घ्या, कारण दोन्ही वेळचं चालणं अगदी वेगळं असतं.

आईंच्या चिठ्ठीवरची औषधांची नावं इथे लिहिलीत तर त्यातलं काय मिळतं ते मी आमच्या इथल्या केंद्रात विचारून कळवते.