बोटाचं टोक गेलं, आता गिटार?

प्रश्न : सर, कारखान्यात प्रेसमध्ये सापडून माझ्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक गेलं. जखम भरली, पण तार दाबली की कळ थेट डोक्यात जाते. गिटार विकून टाकू का? – एक वाचक, हिंगणा रोड, नागपूर

उत्तर : विकू नको रे बेटा! आधी ‘ब्लॅक सॅबथ’ या हेवी मेटल बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याचं ऐक. बर्मिंगहॅमचा पोरगा, जन्म १९४८. सतराव्या वर्षी, पत्र्याच्या कारखान्यातल्या कामाच्या शेवटच्या दिवशी, मशीनने उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं नेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. फोरमनने त्याला जँगो राइनहार्ट या जॅझ गिटारवादकाची रेकॉर्ड ऐकवली. आगीत हात भाजल्यावर जँगो दोनच बोटांनी सोलो वाजवायचा. मग टोनीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं. तारा बारीक लावल्या. पुढे १९७१ मध्ये त्या तीन अर्धस्वरांनी (सा ते कोमल रे म्हणजे एक अर्धस्वर) खाली उतरवल्या, म्हणजे ढिल्या केल्या. ढिली तार दाबायला जोर कमी लागतो. ब्लॅक सॅबथचा तो जड, काळोखा आवाज मला आजही धरमपेठेतल्या माझ्या क्लासमध्ये अंगावर काटा आणतो.

तू आधी डॉक्टरांना बोट दाखव. त्यांनी हो म्हटलं की सगळ्यात बारीक तारा लाव, अर्धा स्वर खाली उतरव, रोज दहाच मिनिटं वाजव. टोपणासाठी मऊ चामड्याचा तुकडा घेऊन रविवारी सकाळी क्लासवर ये, आपण दोघं बसून बोटाच्या मापाने कापू.